कर्णबधिर मूल आणि घरातील भाषा

गेली बत्तीस वर्षे मी बेळगावात कान-नाक-घशाचा व्यवसाय करीत आहे. या काळात किती कानांतील मळ काढला आणि किती पडदे शिवले याचा हिशेब मी ठेवलेला नाही. परंतु "आपल्या मुलाला ऐकू येत नाही" हे ज्या पालकांना प्रथम मला सांगावे लागले, त्यांचे चेहरे मात्र आजही डोळ्यांसमोर आहेत. स्मरणिकेच्या संपादकांनी कर्णबधिर मुलांविषयी लिहिण्याची सूचना केली, तेव्हा यंत्रे आणि शस्त्रक्रिया यांवर एखादा माहितीपर लेख सहज देता आला असता. तथापि या बाबतीत माझ्या हातून एक चूक वर्षानुवर्षे होत राहिली, आणि तीच आपणां व्यवसायबंधूंपुढे मांडावी असे वाटले.

२००३ सालची गोष्ट. खानापूर तालुक्यातील एका गावाहून साडेचार वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आणली गेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सोबत आई, वडील आणि आजी. आजीचा पहिलाच प्रश्न, "डॉक्टर, पोरगी मुकी हाय का हो?" मी तपासले. कानांचे पडदे निरोगी, स्वरयंत्र निरोगी, मुलगी चुणचुणीत. ती मुकी नव्हती. तिला ऐकू येत नव्हते एवढेच. जे कधी कानांवर पडलेच नाही ते मूल बोलणार कसे? 'मूक-बधिर' हा जोडशब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की दोन वेगळे आजार एकत्र आले असावेत असे लोकांना वाटते. वस्तुतः बहुतेक मुलांत दोष असतो तो कानाचा, आणि न बोलणे हा त्याचा परिणाम.

मुलगी दीड वर्षाची असतानाच आईला शंका आली होती. त्या वेळी ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी ताटावर चमचा वाजवला, मुलीने मान वळवली, आणि "काही नाही, काही मुले उशिरा बोलतात, वडीलही उशिराच बोलले असतील" असे सांगून त्यांची बोळवण केली. ताटाचा हादरा मुलाला जाणवतो, हाताची हालचाल डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसते, त्यामुळे अशा चाचणीवरून ऐकण्याविषयी काहीही सांगता येत नाही. शिवाय कर्णबधिर बाळही पहिले काही महिने इतर बाळांप्रमाणेच हुंकार देते. त्यामुळे आईवडील निश्चिंत राहतात, आणि आपण त्यांच्या निश्चिंतपणावर शिक्कामोर्तब करतो. त्या एका वाक्यात या मुलीची तीन वर्षे गेली.

हजार जन्मांमागे एक ते तीन बालकांत जन्मतःच लक्षणीय श्रवणदोष असतो. रुबेलासारखा गर्भारपणातील संसर्ग, तीव्र कावीळ, जन्मतःची गुदमर, मेंदूज्वर, जेंटामायसिनच्या गटातील औषधे ही कारणे आपणां सर्वांस ठाऊक आहेतच. आमच्या भागात आणखी एका कारणाची भर पडते, ते म्हणजे मामाच्या मुलीशी लग्न. सीमाभागातील मराठी घरांत ही रीत जुनी आहे, आणि वरील मुलीचे आईवडीलही मामे-आतेभावंडेच होते. दोघेही उत्तम ऐकणारे. परंतु एकाच आजा-पणज्याकडून आलेले सदोष जनुक दोघांकडे असेल तर प्रत्येक गर्भारपणी चारात एक अपत्य बहिरे होण्याची शक्यता असते. कनेक्सिन २६ या प्रथिनाच्या जनुकातील दोष हे याचे एक वारंवार आढळणारे उदाहरण. त्या दिवशी आजी सुनेला दोष देत होती, "हिच्या घराण्यातनं आलंय हे." ती सून तिच्या सख्ख्या भावाची मुलगी होती. सासूला ती 'आत्या' म्हणून हाक मारीत असे. हे लक्षात आणून दिल्यावर आजी बराच वेळ गप्प बसली.

आता निदानाची सोय पुष्कळ सुधारली आहे. ओ.ए.ई. ही तपासणी झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत होते. जे बाळ अतिदक्षता विभागात राहून आले असेल त्याच्या बाबतीत मात्र एवढ्यावर समाधान मानू नये. कानातील पेशी ठीक, पण संदेश नसेतून पुढे जात नाही असा प्रकार ओ.ए.ई.मध्ये निसटतो, म्हणून अशा बाळाची बेरा तपासणी करावी. एक महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपाययोजना हे सूत्र जगभर मान्य आहे. प्रसूतिगृहे चालविणाऱ्या आपल्या भगिनींनी हे तीन आकडे केसपेपरवरच छापून घ्यावेत अशी माझी फार दिवसांची विनंती आहे.

असो. त्या मुलीला तेव्हा सरकारी योजनेतून खिशात ठेवण्याचे श्रवणयंत्र मिळाले. पांढऱ्या डबीतून निघालेली वायर, गळ्यात पट्टा. यंत्र दिले, वाचाउपचारांसाठी चिठ्ठी दिली, आणि निघताना मी आईला बजावले, "हिच्याशी खुणा करू नका. खुणांची सवय लागली की ती बोलणार नाही." माझी चूक ती हीच. आणि ती एकट्या त्या आईला सांगितलेली नव्हे, किमान वीस वर्षे मी प्रत्येक आईला हे वाक्य ऐकवीत आलो.

हे वाक्य माझे नव्हते. १८८० साली मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून केवळ तोंडी पद्धतीने शिकवावे असा ठराव तेथे झाला. ठराव करणाऱ्यांत स्वतः कर्णबधिर असलेले शिक्षक जवळजवळ नव्हतेच. त्या ठरावाची छाया शंभर वर्षांहून अधिक काळ जगभरच्या शाळांवर, आणि त्या शाळांतून आमच्या पाठ्यपुस्तकांवर पडली. २०१० साली व्हँकुव्हर येथील परिषदेत तो ठराव अखेर नाकारण्यात आला व त्याच्या दुष्परिणामांबद्दल खेद व्यक्त झाला. ही बातमी मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळली. आपण डॉक्टर मंडळी औषधांच्या नव्या मात्रा लगेच वाचतो, असल्या गोष्टी वाचीत नाही.

मला हे कळण्याआधीच त्या मुलीने मला धडा दिला होता. ती सात वर्षांची असताना तिचे आजोबा वारले. आजोबांना छातीत दुखू लागले म्हणून एस.टी.ने बेळगावला नेले होते, तेथेच ते गेले. पार्थिव गावी आणले त्या दिवशी मुलीला शेजारच्या घरी ठेवले. लहान आहे, कळत नाही, आणि सांगायचे तरी कसे? पुढे सहा महिन्यांनी आईवडील तिला घेऊन माझ्याकडे आले ते निराळ्याच तक्रारीसाठी. मुलगी हट्टी झाली आहे, वडील बाजाराला निघाले की पाय धरून किंचाळते, एस.टी.त चढू देत नाही. मी मेंदूच्या तपासणीचा विचार करीत होतो. कोडे सुटले ते दवाखान्यात नव्हे. त्याच वर्षी तिला एका निवासी शाळेत घातले होते, आणि तेथील एका मोठ्या मुलीने चार दिवसांत खुणांनी तिच्याकडून सगळे काढून घेतले. आजोबा एस.टी.त बसले आणि परत आले नाहीत, मग एस.टी.त बसणारे कोणीच परत येत नसणार, असा त्या बालमनाने निष्कर्ष काढला होता. मृत्यू म्हणजे काय, हे तिला त्या मोठ्या मुलीने समजावले. सुट्टीत घरी आली तेव्हा आजोबांच्या फोटोपुढे ती पहिल्यांदा रडली. आईने हे सांगितले तेव्हा तिच्या आवाजात माझ्याविषयी तक्रार नव्हती. पण त्या सहा महिन्यांत या मुलीशी बोलण्याचे जे एक साधन घरात असू शकले असते, ते मीच काढून घेतले होते.

श्रवणयंत्रे आणि कॉक्लिअर इम्प्लांट यांचे महत्त्व मी कमी लेखतो असा कृपया गैरसमज नसावा. जन्मतः बहिऱ्या बालकाच्या मेंदूतील श्रवणकेंद्राला पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत ध्वनी मिळाला तर ते उत्तम वाढते, नंतर ती जागा इतर संवेदना व्यापू लागतात. २०१४ पासून केंद्र सरकारच्या एडिप योजनेत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना इम्प्लांट मिळू लागले. मी ज्यांना पाठवले त्यांपैकी काही मुले आज फोनवर बोलतात. परंतु निरोगी कर्णशंखात सुमारे साडेतीन हजार आंतरिक संवेदी पेशी असतात, आणि इम्प्लांटमधील विद्युत-अग्रे बारा ते बावीस. त्यावर भाषा उभी करायची तर शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे सराव लागतो. वायर तुटते, बॅटरी संपते, बाहेरचे यंत्र जुने होते, दुरुस्तीला पैसे नसतात. रात्री झोपताना आणि आंघोळीच्या वेळी बहुतेक मुले यंत्र काढून ठेवतात. त्या वेळी घर त्यांच्याशी कसे बोलते? यंत्र ध्वनी देते, भाषा द्यावी लागते माणसांनीच, आणि ती यंत्राची, मंजुरीच्या पत्राची किंवा पुढच्या तारखेची वाट पाहत थांबू शकत नाही.

ओठांवरून वाचता येते ना, असे पुष्कळजण विचारतात. त्यांना मी आरशासमोर उभे राहून आवाज न काढता 'मामा', 'बाबा' आणि 'पापा' म्हणायला सांगतो. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात. 'पाट', 'भात' आणि 'माठ' यांचेही तेच. आणि 'क', 'ग', 'ह' तर ओठांवर दिसतच नाहीत. भाषा आधीच येत असलेला माणूस संदर्भाने अंदाज बांधतो. ज्याला भाषाच यायची आहे त्याने अंदाज कशाच्या आधारावर बांधावा? त्यातून आपल्या मराठीत सगळा अर्थ शब्दाच्या शेपटीला बांधलेला. 'रामाने रावणाला मारले' यातील 'ने' आणि 'ला' ही पुटपुटल्यासारखी अक्षरे यंत्रातून नीट पोहोचत नाहीत. मग मूल 'राम रावण मारले' लिहिते, आणि कोणी कोणाला मारले हा घोळ शिक्षकांच्या मते मुलाच्या बुद्धीचा ठरतो.

खुणांची भाषा म्हणजे हातवारे, मूकाभिनय, ही माझीही समजूत होती. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. 'तू कुठे राहतोस?' या वाक्यात 'कुठे' शेवटी येते, आणि भुवया व चेहरा यांवरून वाक्य प्रश्न आहे हे कळते. १९७० च्या दशकात मदन वशिष्ठ या स्वतः कर्णबधिर असलेल्या अभ्यासकाने जेम्स वुडवर्ड यांच्यासमवेत दिल्ली, मुंबई, कोलकाता व बंगळूर येथील खुणा अभ्यासून त्या परस्परसंबंधित आहेत असे दाखवले. २०१५ साली दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. २०२१ मध्ये त्यांचा कोश दहा हजार शब्दांपर्यंत पोहोचला. बाळांविषयी सांगायचे तर १९९१ साली पेटिटो व मॅरेंटेट यांनी असे प्रसिद्ध केले की कर्णबधिर आईवडिलांची कर्णबधिर बाळे, आपली बाळे 'बाबाबा' करतात त्याच सुमारास, हातांनी बोबडे बोलू लागतात. भाषेची भूक मेंदूला असते. ती कानावाटे भागली काय किंवा डोळ्यांवाटे भागली काय, त्याला त्याचे वावडे नाही. खुणा शिकलेले मूल बोलण्यात मागे पडते, हे मी ज्या खात्रीने सांगत होतो तेवढी खात्री बाळगण्याजोगा पुरावा माझ्याकडे कधीच नव्हता. आज मी पालकांना सांगतो, यंत्र लावा, बोला, आणि खुणाही करा. ज्या वाटेने जे पोहोचेल ते पोहोचू द्या.

या ठिकाणी आपल्या सीमाभागाची म्हणून एक खास अडचण आहे. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेची पाटी इंग्रजी, दूरदर्शनवर हिंदी. ऐकणारी मुले या चारही भाषा खेळता खेळता उचलतात. कर्णबधिर मुलाच्या पालकांना मात्र कोणीतरी सांगते, "एकच भाषा ठेवा, आणि पुढे शाळेला उपयोगी म्हणून इंग्रजीच ठेवा." मग काय होते? जिच्या इंग्रजीचा पल्ला 'कम', 'सिट', 'ईट' एवढाच आहे ती आई मुलाशी दिवसभरात तीस शब्द बोलते. गोष्ट सांगत नाही, रागवत नाही, लाडात येत नाही, कारण ते सारे तिला मराठीत येते. अशा घरांतली मुले यंत्र असूनही उपाशी राहतात. आईने आपल्या भाषेतच बोलावे, भरभरून बोलावे. पहिली भाषा पक्की झाली की दुसरी तिच्या आधाराने येते. यंत्र लवकर मिळालेली मुले दोन भाषाही शिकतात. परीक्षेच्या भाषांचा प्रश्न वेगळा, आणि तो सोडवता येतो. केंद्रीय मंडळ अशा विद्यार्थ्यांना दोनऐवजी एकच भाषा सक्तीची ठेवण्याची मुभा देते. अन्य मंडळांकडे सवलतींची चौकशी आठवी-नववीतच करावी, दहावीच्या फेब्रुवारीत नव्हे. गंमत अशी की सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना जोडणारी भाषा आम्हां ऐकणाऱ्यांना सापडलेली नाही, आणि निपाणीचा कर्णबधिर तरुण मात्र धारवाडच्या कर्णबधिर तरुणाशी पहिल्याच भेटीत तासभर गप्पा मारतो.

आता घराविषयी. कर्णबधिर मुलांपैकी बहुसंख्य, अमेरिकेतील पाहणीनुसार शंभरात नव्वदाहून अधिक, ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. म्हणजे आपल्याच घरात ती परक्या मुलखात असतात. रात्री सगळे जेवायला बसले आहेत, काका काही सांगतात, सगळे हसतात. मूल ताईचा हात ओढून विचारते, काय झाले? ताई म्हणते, "काही नाही, नंतर सांगते." ते 'नंतर' कधी येत नाही. मोठी झालेली कर्णबधिर माणसे माझ्याकडे येतात, त्यांना कागदावर विचारले की लहानपणीचे सर्वांत वाईट काय आठवते, तर शस्त्रक्रिया नाही, चिडवणे नाही, हे 'नंतर सांगते' आठवते. त्यावर फार खर्चाचा उपाय नाही. ताटे गोल मांडावीत, म्हणजे सर्वांचे चेहरे दिसतात. बोलणाऱ्याने आधी मुलाच्या खांद्याला स्पर्श करावा किंवा हात हलवून लक्ष वेधावे. एका वेळी एकाने बोलावे (मराठी घरात हे अवघड, याची मला कल्पना आहे!). आणि विनोद झाला की तो त्याच क्षणी, निम्मा का होईना, मुलापर्यंत पोहोचवावा. घरातील दुःखाची बातमीही त्याला वगळून होऊ नये. भावंडांना दुभाषे बनवून टाकू नये, त्यांचेही बालपण असते.

शाळेबाबत, विशेष शाळा चांगली की सर्वसामान्य, याचे एकच उत्तर नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा स्वतः निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, त्यामुळे निवड पालकांची आहे. मी पालकांना इतकेच विचारतो, तिथे मुलाला मित्र आहेत का, आणि मधल्या सुट्टीत तो कोणाशी बोलतो? ज्या मुलाशी मधल्या सुट्टीत कोणी बोलत नाही त्याचे गुण चांगले असले तरी मी काळजी करतो. सर्वसामान्य शाळेत गेलेल्या मुलाच्या शिक्षकांना एक चिठ्ठी मी नेहमी देतो. अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो, म्हणून मूल जवळ बसवा. पण अगदी मधोमध पुढच्या बाकावर नको, किंचित कडेला, म्हणजे वर्गातील इतर मुलांची तोंडेही दिसतील. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका, चेहरा काळा दिसतो. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. दुसऱ्या मुलाने दिलेले उत्तर पुन्हा सांगा. आणि श्रुतलेखनात मिळालेल्या शून्यावरून मुलाची इयत्ता ठरवू नका. जे ऐकूच येत नाही ते लिहिण्याची परीक्षा घेणे म्हणजे लंगड्याची शर्यत लावून त्याचे गुण मांडणे होय. बहुतेक शिक्षक ही चिठ्ठी मनावर घेतात. एकदा एका बाईंनी ती वर्गात फळ्याशेजारी चिकटवली, आणि मुलेच त्यांना "बाई, पाठ फिरवलीत" अशी आठवण करून देऊ लागली.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेच्या चित्रफितींत आणण्याचा करार २०२० मध्ये झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र शैक्षणिक वाहिनी सुरू झाली. खेड्यातील आईलाही मोबाइलवर रोज पाच खुणा शिकता येतील, अशी सोय आज आहे. मार्गदर्शनासाठी मैसूरची १९६५ पासूनची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था आमच्या भागाला सारख्याच सोयीच्या आहेत.

वयात येणाऱ्या मुलांबद्दल एक गोष्ट तेवढी आवर्जून लिहितो. इतर मुलामुलींना शरीराविषयीचे ज्ञान कुजबुजीतून तरी मिळते; कर्णबधिर मुलीपर्यंत कुजबुज पोहोचत नाही. पाळी येण्यापूर्वी तिला चित्रांनी, खुणांनी, स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे, आणि नको असलेला स्पर्श कसा नाकारायचा व कोणाला सांगायचा हेही. २०१२ च्या पोक्सो कायद्यात अशा बालकाचा जबाब घेताना त्याची संवादपद्धती जाणणाऱ्या व्यक्तीचे साहाय्य घेण्याची तरतूद आहे. परंतु ज्या मुलीला कोणतीच भाषा दिली गेलेली नाही तिचा जबाब कोणता दुभाषा घेणार? प्रमाणपत्राचे म्हणाल तर दोन्ही कानांत ७० डेसिबल वा अधिक ऱ्हास असल्यास कायद्याने 'बधिर', आणि ६० ते ७० असल्यास 'कमी ऐकू येणारा'. सरकारी नोकरीत या दोन्हींसाठी मिळून एक टक्का जागा राखीव आहेत. प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवावे.

ती खानापूरची मुलगी आता पंचविशी ओलांडलेली आहे. शिवणकाम व कॉम्प्युटरवरील डिझाइन दोन्ही शिकली, नोकरी करते. थोडे बोलते, भरपूर लिहिते, आणि हातांनी इतक्या वेगाने बोलते की मला निम्मे कळत नाही. गेल्या वर्षी ती एका मैत्रिणीला घेऊन माझ्याकडे आली. दोघी बाहेर दीड तास बसून राहिल्या. आत आल्यावर तिने माझ्यापुढे कागद सरकवला: "सर, तुमचा कंपाउंडर नंबर ओरडून सांगतो. आम्हाला कसा कळणार?" कानाच्या डॉक्टरचा दवाखाना, तीन दशके, आणि पेशंटना ओरडून आत बोलावण्याची पद्धत! माझ्याने काही उत्तर देववले नाही. त्याच आठवड्यात लाल अंकांचा विजेवर चालणारा फलक भिंतीवर लावून घेतला. कंपाउंडर आता बटण दाबतो, आणि सवयीने नंबर ओरडतोही.